दोन वेण्या

"हलू नको, छोरी, हलू नको. एक ऊ तुझी, एक ऊ माझी, एक त्या बाभळीवरल्या चिमणीची. हलशीन त चिमणी उपाशी राह्यन."

राजूरच्या खाणीकडल्या वस्तीत, कोळशाच्या भुकटीनं काळ्या पडलेल्या उंबऱ्यावर बसून मानीबाई हे गुणगुणायची, आणि तिच्या दोन गुडघ्यांमधे डोकं अडकलेली तिची लेक ममता डोळे गच्च मिटून घ्यायची. नखावर नख दाबलं की टिक असा आवाज व्हायचा. उवा फारच झाल्या की मानीबाई मलेरियाची फवारणी करायला आलेल्या माणसांकडून कागदाच्या पुडीत पांढरी पावडर मागून घ्यायची, लेकीच्या केसांत चोळायची, वरून फडकं बांधायची आणि सांगायची, "कोणाले सांगजो नको. नाही त सारी वस्ती पुडी मागाले येईन." दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं की त्यावर मेलेल्या उवा तिळासारख्या सांडलेल्या असत. मग अंघोळ, मग तेल, मग दोन घट्ट वेण्या. त्या दिवशी ममता मान ताठ ठेवून वस्तीभर फिरायची.

मानीबाई जाऊन बारा वर्षं झाली. ममता पंचवीस वर्षांची झाली, दिग्रसच्या बाजूला एका तांड्यावर संजयच्या घरी नांदायला आली. पण हातात फणी आली की तो आवाज कुठून तरी चालत येऊन तिच्या कानाशी बसायचाच.

संजयची पहिली बायको, संगीता, काविळीनं गेली होती. मागं राहिली सहा वर्षांची राखी. गेल्या दिवाळीनंतर ममताचं लग्न लागलं, त्या दिवशी राखीची नानी लालीबाई मांडवात आली. जेवली नाही, बसली नाही. तिनं राखीला मधोमध उभं केलं आणि तिचा झगा गुडघ्यांच्या वर उचलला.

"पाहून घ्या सारे," ती म्हणाली. "पोरीचे पाय आज असे हायेत. गुडघ्यावर एक खपली हाये, ते शाळेतली. बाकी अंग साफ हाये. उद्या इच्यावर एक वळ जरी दिसला, त मी ठाण्यातच जाईन. नायक, तुमी साक्षी."

तांड्याचा मुखिया असलेल्या फुलसिंग नायकानं मान हलवली. ममता हळदीच्या अंगानं उभी होती. तिनं वर पाहिलं नाही. तिला दिसत होत्या त्या फक्त दोन बारीक, धुळकट नडग्या, एकीला दुसरी टेकून उभ्या राहिलेल्या.

तेव्हापासून भीती त्या घरात तिच्याआधी उठायची. अंघोळ घालताना ममता पोरीच्या अंगावरच्या खुणा मोजायची. काटा रुतला तर संजयला काढायला लावायची, आपल्या हातून रक्त नको. एकदा राखी चिंचेखाली दगडाला अडखळून पडली, तोंडावर पडली, आणि तिला उचलण्याआधी ममतानं चारी बाजूंना पाहिलं, की कोणी बघितलं का. ते पाहणं तिचं तिलाच पुढं कित्येक दिवस टोचत राहिलं.

राखी तिला मावशी म्हणायची. फार बोलायची नाही. केसांना हात लावू द्यायची नाही. "तू नको करू. याडी करे," एवढंच. आईचं ते नाव तिच्या तोंडी आलं की ममता फणी खाली ठेवायची. उन्हाळा सरेपर्यंत मग ती हळूहळू जवळ बसू लागली. आधी हातभर लांब, मग वीतभर. आणि त्याच सुमारास शाळा उघडली आणि शाळेतून उवा आल्या.

ममतानं लिंबाचा पाला वाटून लावला. उवांनी तो चटणीसारखा खाल्ला असावा, कारण आठ दिवसांत त्या दुप्पट झाल्या. फणी रोज फिरायची. रोज निघायच्या. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच.

श्रावणात तांड्यावर तीज बसली. नायकाच्या अंगणात पोरींनी बांबूच्या टोपल्यांत माती भरून गहू पेरला. सांज-सकाळ त्याला पाणी घालायचं, गाणी म्हणायची, एकमेकींच्या कमरेत हात घालून फेर धरायचा. तांड्यावरच्या बिनलग्नाच्या पोरींचा हा सण, आणि राखीची यंदा पहिलीच टोपली. तिचा गहू बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आला होता. त्याच्यावर वाकून ती काहीतरी पुटपुटायची. काय, ते ममतानं कधी विचारलं नाही.

शनिवारी दुपार कलल्यावर फेर सुरू होणार तेवढ्यात नायकाची सून नंदाबाई पुढं आली.

"अव ममता, तुझी पोट्टी बाजूले उभी कर व. इच्या डोक्यात त बजार भरला हाये. काल माह्या अर्पिताच्या डोक्यात चार निंघाल्या."

"मी रोज फणी फिरवते, बाई," ममता म्हणाली.

"रोज फिरवतं, त मंग ह्या उवा का माहेरपणाले येतात?"

बाया हसल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "सवतीच्या लेकीचं डोकं कोन पायते, माय!"

राखी आपली टोपली घेऊन फेराच्या बाहेर उभी राहिली. तिचा हात डोक्याकडे गेला. सगळ्या बघतायत हे कळल्यावर तो तिनं खाली घेतला, आणि जमिनीवर बसून त्याच्यावरच बसली. पूर्ण फेर होईपर्यंत ती हात अंगाखाली दाबून तशीच बसून होती.

"उद्या लालीबाई येऊन राह्यली ना तीज पाह्याले?" जाता जाता नंदाबाई म्हणाली. "तिले काय दाखोशीन?"

संजय दिवस मावळता मावळता घरी आला. पाठीवर पट्ट्यांचे लाल वण, डोळे तांबारलेले. तो या हंगामात लोकांच्या कपाशीवर फवारणीला जायचा.

"मेडिकलातून ते उवांचं औषध आना म्हनलं होतं," ममता म्हणाली.

"ध्यानात नाही राह्यलं. उद्या आनतो."

"उद्या तिची नानी येते."

"मंग काय? नानीच्या डोक्यात का मोती उगवतात?" तो हसला, आणि ममताचं तोंड पाहून थांबला. "अव, आनतो म्हनलं ना. आठ दिवस झाले, पाठीवरचा पंप उतरला नाही. मानूस इसरते."

रविवारी तो झुंजुमुंजूलाच गेला.

गोठ्यात झाडू मारताना वळचणीच्या लाकडावर ठेवलेली फवारणीच्या औषधाची बाटली ममताच्या नजरेस पडली. अर्ध्याहून थोडी कमी. ती झाडू धरून तशीच उभी राहिली. कपाशीवर मावा पडतो तो तिनं रोज पाहिलेला होता. पानाच्या पोटाशी चिकटून बसणारा, बारीक, रस पिणारा. एक फवारा बसला की दुसऱ्या दिवशी पान धुतल्यासारखं मोकळं. मावा म्हणजे तरी काय, पानाच्या उवाच. आणि आपण त्या मानानं किती थोडं घेणार. पंपात जातं त्याच्या पासंगालाही नाही. आपल्या याडीनं, मानीबाईनं, आपल्या डोक्याला पावडर लावली होती. आपण का मेलो?

तिनं बाटली पदराखाली घेतली.

वाटीभर पाण्यात थोडं औषध कालवून, अंगणात पाट मांडून तिनं राखीला समोर बसवलं.

"झोंबन का?" राखीनं विचारलं.

"जरासं."

"मंग गानं म्हन."

ममता थबकली. या घरात ती कधी गायली नव्हती. पोरीला कसं कळलं, की या हातांबरोबर एक गाणं येतं? केस विंचरताना आपले ओठ हलत असतील, असं तिच्या मनात आलं. तिनं पोरीचं डोकं गुडघ्यांमधे हळूच धरलं. पहिल्यांदाच. ते ऊन लागलेल्या मडक्यासारखं कोमट होतं.

"हलू नको, छोरी, हलू नको. एक ऊ तुझी, एक ऊ माझी..."

राखी हलली नाही. पांढुरकं पाणी केसांच्या मुळांत जिरत गेलं. नाकात तो वास चढला, संजयच्या कपड्यांना रोज असतो तोच. ममतानं वरून पांढरं फडकं आवळून बांधलं.

"कोणाले सांगजो नको हं."

"काहून?"

"तुह्या बाची शिशी घेतली ना. रागावतीन."

"नानीले बी नाही?"

"नानीले त अजिबात नाही."

राखीनं दोन बोटांनी आपल्या गळ्याची चिमूट धरली. "आन," ती म्हणाली. शाळेत पोरी अशीच शपथ घेतात.

दोन तासांनी फडकं सोडलं, तर त्यावर तीळ सांडलेले. राखी टाळ्या पिटत उड्या मारू लागली. मग उकिडवी बसून मोजू लागली. तिला एकोणतीसपर्यंतच नीट येत होतं. तिथं पोचली की ती पुन्हा एकपासून सुरू करायची.

"ह्या तुह्या," ती बोटानं वाटे करत म्हणाली. "ह्या माह्या. ह्या साऱ्या चिमणीच्या. मावशी, चिमणीचं पोट फुटन ना व!"

दोघी हसल्या. हसता हसता राखी मागं कलली आणि तिची पाठ ममताच्या गुडघ्याला टेकली. ती तशीच टेकून राहिली. ममतानं श्वाससुद्धा हळू घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. लालीबाईचा होता. "तीनच्या गाडीनं येतो. पोरीले तयार ठेवजो."

ममताची धांदल उडाली. तिनं पोरीला मोरीत बसवून दोन तांबे पाणी ओतलं. साबण लावला. केस नाकाशी धरले. वास होताच. पुन्हा एक तांब्या. वास होताच. लालीबाईचं नाक तर आधी तेच हुंगणार. आणखी धुवावं तर केस ओले राहतील, पोरगी ओल्या डोक्यानं नानीपुढं कशी जाईल? ममतानं आपली ट्रंक उघडली, लग्नात आलेली चमेलीच्या तेलाची बाटली काढली आणि मुळापासून टोकापर्यंत ओंजळीनं चोपडलं. मग दोन वेण्या घातल्या. घट्ट, पेड न पेड आवळून, वर लाल फितींची फुलं.

"मावशी, डोकं जड लागते."

"घट्ट घातल्या ना, म्हनून. नानीले आवडतीन."

तिच्या स्वतःच्या उजव्या तळव्याला मुंग्या येत होत्या. तिनं तो लुगड्याला पुसला.

नायकाच्या अंगणात नंदाबाईनं स्वतः राखीचा भांग बोटांनी चाळला. या बाजूनं, त्या बाजूनं. "बाप्पा! साफ झालं वं! काय केलं?"

"फणी," ममता म्हणाली.

"अशी फणी मले बी आनून दे." आणि तिनं राखीला फेरात ढकललं. "जाय. अर्पिताचा हात धर."

राखीनं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते ममताला पदरात घेऊन घरी न्यावंसं वाटलं. फेर फिरू लागला. गव्हाचे पोपटी कोंब, पोरींच्या ओढण्या, आभाळात पावसाचं एक करडं ठिगळ. ममता भिंतीला टेकून उभी होती आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा तिला कशाचीच भीती वाटत नव्हती.

मग तिला दिसलं, की राखीचा झगा पाठीला चिकटला आहे. बाकी पोरी कोरड्या होत्या. राखीची हनुवटी ओली होती. तोंडातून लाळेची एक तार लोंबत होती, आणि राखी ती पुसत नव्हती. तिचा पाय चुकला. दुसरा चुकला. अर्पिता ओरडली, "बाई वं, हे पाह्य कशी करते!" आणि राखी फेराच्या मधोमध बसली, वाकली, भडभडून ओकली.

"उन्ह लागलं असन," नंदाबाई म्हणाली.

"श्रावणात कुठलं उन्ह, माय?"

ममता पोरीजवळ पोचली तेव्हा तिच्या पापणीखालचं कातडं आत अळी असल्यासारखं थरथरत होतं. ओठाचा कोपरा तसाच. ममताला तेव्हाच कळलं. गेल्या साली माहेरी शेजारच्या शेतातल्या एका फवारणीवाल्याला बैलगाडीत घातलेलं तिनं पाहिलं होतं, त्याच्या तोंडावर हेच होतं.

"पानी आना," ती म्हणाली. "डोक्यावर वतते. सारं डोकं धुते तिचं."

"येडी झाली का?" नंदाबाईनं तिचा हात धरला. "घामेजली हाये पोट्टी. थंडी भरन. डोक्यावर पानी नोको वतू."

आणि ममता थांबली. इतकी सहज थांबली, की तिला आपलीच किळस आली. आजूबाजूला सारा तांडा होता. नायक होता, साक्षी. एक वाक्य बोललं असतं तर नंदाबाईचा हात सुटला असता.

"संजयले फोन लावा रे," फुलसिंग नायक ओरडला.

संजय शेतातून तसाच आला, फवारणीच्या कपड्यांवर. मोटरसायकलवर मधे राखी, मागं ममता. रस्त्यावर खड्डा आला की पोरीचं डोकं ममताच्या हनुवटीवर आपटायचं. चमेलीचा वास. आणि चमेलीच्या खाली, दबून बसलेला, तो दुसरा. ममतानं तोंड फिरवलं नाही. तिनं मनातल्या मनात ठरवलं, दवाखान्यात पोचलं की सांगायचं. पुलापाशी पुन्हा ठरवलं. कापसाच्या जिनिंगजवळून वळताना तिसऱ्यांदा ठरवलं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाई तरुण होती, बाहेरगावची. तिनं राखीची पापणी उलटून डोळ्यात बॅटरी मारली. बाहुली मोहरीएवढी झाली होती.

"फवारणीचं औषध आहे हे," ती म्हणाली. "कसं गेलं अंगात? प्यायली? अंगावर सांडलं?"

ममतानं तोंड उघडलं. पण आधी संजय बोलला.

"बाई, चूक माही हाये." तो मटकन खाली बसला. "मीनं शिशी गोठ्यात ठेवली होती. उघड्यावर. तिनं हात लावला असन. तोंडात घातला असन." आणि त्यानं आपलं कपाळ तळहातानं ठोकलं. एकदा, दोनदा.

"तुमच्याच अंगाला केवढा वास येतोय. जा, आधी नळावर अंघोळ करा, हे कपडे टाका. पोरीला याच कपड्यांनी धरून आणलीत?" डॉक्टरीण नर्सकडे वळली. "हिचा झगा काढा. अंग, हात-पाय साबणानं पुसून घ्या. सलाइन लावा, इंजेक्शन काढा."

वास होता, पण तो संजयचा ठरला. ममता भिंतीला लागून उभी राहिली. उजवा हात तिनं पदराखाली घेतला होता. तिच्या जागी संजय बसला होता आणि ती त्याला तिथं बसू देत होती.

नर्सनं राखीचं अंग पुसलं. पाठ, पोट, बोटांच्या बेचक्या. वेण्या उचलून बाजूला केल्या. "वेण्या किती छान घातल्यात," ती म्हणाली. "कोणी घातल्या?"

ममतानं आपणच म्हणून मान हलवली.

इंजेक्शनं चढत गेली. अर्ध्या-पाऊण तासानं लाळ थांबली, घाम वाळला, छातीतली घरघर कमी झाली. राखीनं डोळे उघडले. "पानी," ती म्हणाली. तिची जीभ कोरडी पडली होती. डॉक्टरीण पहिल्यांदा हसली.

ममताच्या मनात आलं, उतरलं. उतरलं ना? मग आता कशाला सांगायचं? घरी गेलं की चूल पेटवून घागरभर पाणी तापवायचं, दहा वेळा धुवायचं, आणि ही गोष्ट दोघींच्या पोटात राहील. ती भराभर देवाचं नाव घेऊ लागली, आणि देवाचं नाव घेतानाही तिचा उजवा हात पदराखालीच होता.

लालीबाई आली. बसस्टँडवर कोणीतरी सांगितलं म्हणून धावत आली होती. काखेत नव्या घागऱ्याची पिशवी, आरसे लावलेला, राखीच्या मापाचा, तिजेसाठी शिवलेला. तिनं कोणाशी बोलायच्या आधी चादर वर केली आणि पोरीच्या नडग्या पाहिल्या. मांड्या, दंड, पाठ. वळ नव्हता.

"काय चारलं तिले?" तिनं ममताला विचारलं.

"मीनं काही चारलं नाही."

खरं होतं ते. खरं बोलणं इतकं घाण लागतं हे ममताला माहीत नव्हतं.

"मामी, तिच्याकडे नोका पाहू," अंघोळ करून, कोणाचा तरी टॉवेल गुंडाळून उभा असलेला संजय सासूला म्हणाला. "माह्या हातून झालं. शिशी माही होती."

लालीबाई नातीच्या उशाशी बसली. तिनं खरखरीत बोटांनी राखीच्या डोक्यावरून हात फिरवला, भांगातून, वेणीवरून, फितीच्या फुलापर्यंत. मग तोच हात स्वतःच्या तोंडाला लावून पोरीचा मुका घेतल्यासारखं केलं. ममताला ओरडावंसं वाटलं, हात धुवा. तिनं आपला उजवा हात पदरात आणखी आत घेतला.

"बेटा," डॉक्टरीण राखीवर वाकली, "घाबरायचं नाही. सकाळपासून काय खाल्लंस? अंगाला काही लावलंस का? कोणी काही लावलं का?"

राखीनं डॉक्टरणीकडे पाहिलं. मग नानीकडे. मग तिची नजर फिरत फिरत भिंतीपाशी आली, ममतावर थांबली. सुई नसलेला तिचा हात हळूच वर गेला आणि दोन बोटांनी तिनं गळ्याची चिमूट धरली. कोणाला त्यात काही दिसलं नाही. "काही नाही," ती म्हणाली.

डॉक्टरीण दुसऱ्या खाटेकडे गेली. लालीबाई पाणी आणायला उठली. तेवढ्यात राखीनं बोटानं ममताला जवळ बोलावलं. ममता वाकली. कोरड्या ओठांचा वारा तिच्या कानाला लागला.

"मीनं कोणालेच नाही सांगितलं, मावशी."

ममतानं तिच्या कपाळावर डावा हात ठेवला. "शानी माही," ती म्हणाली. हे शब्द तोंडातून गेल्यावर तिला वाटलं, की कोणी हे ऐकलं तर बरं होईल. कोणी ऐकलं नाही.

दिवेलागण झाली. खिडकीबाहेर उंबरावर चिमण्या जागेसाठी भांडत होत्या. लालीबाईनं घागरा पिशवीतून काढून पोरीच्या पायांवर पसरला होता, त्याचे आरसे चमकत होते. आधी ते आरसेच हलले. बारीक, सगळे एकदम. ममतानं पाहिलं, तर घागऱ्याखाली राखीचे पाय थरथरत होते.

मग घाम. मग लाळ. छातीत पुन्हा ती घरघर, पाण्यातून हवा ओढल्यासारखी. पापणीखाली अळी.

"बाई!" संजय ओरडला.

डॉक्टरीण धावत आली. बॅटरी. इंजेक्शन. पुन्हा इंजेक्शन. तिनं पोरीच्या छातीला नळी लावली आणि तिचा चेहरा बदलला.

"असं व्हायला नको," ती म्हणाली. "उतरत होतं. परत चढतंय, म्हणजे कुठून तरी अजून आत जातंय. पोटात नाही, तोंडाला वास नव्हता. अंग पुसलं, कपडे काढले." ती तिघांकडे वळली. तिच्या आवाजात आता चीडही होती आणि गयावयाही. "काहीतरी आहे जे मला माहीत नाही. यवतमाळला पाठवते म्हटलं तरी दीड-दोन तासांची वाट आहे, आणि असं चढत राहिलं तर पोरगी वाटेत टिकणार नाही. विचार करून सांगा. कोणाला काही माहीत आहे?"

"मीनं सांगितलं ना, शिशी..." संजय रडू लागला.

"इले इचारा," लालीबाई म्हणाली. ती उठून उभी राहिली होती आणि तिचं बोट ममताच्या छातीकडे होतं. "हे काहून भिताडाले चिकटून उभी हाये सांजपासून? सक्खी असती त खाटेवर पडली असती. मीनं लग्नातच सांगितलं होतं, नायकाले साक्षी ठेवून सांगितलं होतं..."

"आजी, थांबा. आत्ता नको."

ममता काही ऐकत नव्हती. ती राखीकडे बघत होती. पोरीची मान वळली होती, डोळे अर्धे मिटले होते, बाहुल्या मोहरीएवढ्या. तरी ते डोळे तिच्यावर होते. आणि सुई लावलेला नव्हता तो हात, थरथरत, चुकत, हनुवटीला लागत, पुन्हा वर चालला होता. गळ्याकडे.

ही सांगणार नाही. ममताला ते भिंतीसारखं स्पष्ट दिसलं. ही मरेल, पण सांगणार नाही.

ती भिंतीपासून सुटली. खाटेपाशी गेली आणि पोरीचा तो हात आपल्या डाव्या हातात धरून खाली घेतला. मग पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. दिव्याच्या उजेडात तळवा लाल झालेला होता, बोटांची टोकं पांढरी.

"वेण्या सोडा," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला, की नर्सनं विचारलं, "काय?"

"वेण्या सोडा तिच्या." आता ती डॉक्टरणीकडे बघत नव्हती, लालीबाईकडे बघत होती. "केसात हाये औषध. कपाशीचं. उवांसाठी मीनं लावलं, सकाळी, ह्या हातानं. ह्यायची शिशी मीनं घेतली, ह्यायले ठाव नाही. नीट धुतलं नाही. तुमी येनार होत्या म्हनून घाई केली, अन् वास येऊ नये म्हनून वरून तेल चोपडलं. तिले शपथ मीनंच घातली होती, बाई, म्हनून ते सांगत नाही. कापा सारे. बुडापासून कापा, अन् धुवा. मले काय करायचं ते मंग करा."